पोरीच्या मापाचा फराक

माय,

तू गेली तवा मी दुसरीत होती. आता मी तुह्याएवढी झाली असन, का तुह्यापेक्षा मोठीच. तुही उमर कोनाले धड माहीत नोती, म्हनून सांगता येत नाही. मी भंडाऱ्याले दवाखान्यातल्या खाटेवर पडून हे लिहून राहिली. आठवीपर्यंत शिकली, त्यातलंही अर्धं भुलली, तवा अक्षर पाहून हासू नोको. तसं तुले वाचता येतच नोतं, म्हनून लिवाचं भेव वाटत नाही. बाकी सगळ्याचंच वाटते. माह्या पोटात दुसरं लेकरू आहे अन् वार खाली आहे. म्हनजे लेकराच्या आंधी वारच दारात बसून आहे, असं डॉक्टरीनबाईनं मले समजावून सांगितलं. ते जरा हलली का रगत जाते. लय रगत गेलं त लेकराचं अन् माहं, दोघाईचंही काही खरं नाही. तुहंही रगतच गेलं होतं, माय. ही गोष्ट मी इथं कोनाजवळ बोलत नाही. बोलली का सगळे म्हनते, "चूप, असं तोंडातून काढू नोको." म्हनून तुह्याजवळ काढून राहिली.

पहिल्यांदा गेलं तवा धानाच्या रोवन्याचे दिवस होते. आमच्या करडी गावाले त्या दिवसात घरात मानूस सापडत नाही, सगळे बांधीतल्या चिखलात. माह्या पोरीचा बाप ट्रॅक्टरवर, सासू रोवन्याच्या बायाईसंगं. मी एकटी चुलीपाशी बसून लाखोळीची डाळ घोटून राहिली होती अन् पोरगी बाजूले चमच्यानं ताट वाजवून राहिली होती. काही दुखलं नाही. दुखलं असतं त समजलं असतं. पोरगीच म्हनली, "आई, तुह्या पायाले काय लागलं?" मी पाहिलं अन् डाळीचा गंज चुलीवर तसाच सोडला. भितीले टेकून बसली, पाय हालवले नाही, अन् पोरीले म्हनलं, "जा, बाजूच्या काकूले बलाव, पन पळू नोको." काहून पळू नोको म्हनलं ते मले आजही समजत नाही. ते बिचारी हळूहळू चालत गेली, एकेक पाय मोजल्यावानी, अन् मी तथी बसून पाहत राहिली का दारातून कोनी येते का.

डॉक्टरीनबाईनं सोनोग्राफी करून सांगितलं, "तुमचं आता एकच काम, पडून राहणं. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. मुलीलाही उचलायचं नाही." जीपमंदी सासू म्हनली, "पडून राहनं बी काम असते का वो बाई? आमी त भारा डोक्यावर घेऊन बाळंत झालो." पन घरी आली तशी तिनंच माही खाट ओसरीत आनली, पायथ्याच्या दोन्ही खुराखाली इटा देल्या, मले हात धरून निजवलं, अन् गावात सांगून आली का आमच्या सुनेले कोनी उठवाचं नाही. मी सासूले आत्याबाई म्हनतो. तोंडानं फटकळ आहे. मनानं कशी आहे ते तुले पुढं सांगतो.

मंग मी पडून राहिली. माय, काम करून अंग दुखते ते बरं, पडून पडून जे दुखते त्याले काही नाव नाही. वर कवेलू. कोनतं फुटलं आहे, कोनत्या फटीतून किती वाजता ऊन येते, सारं पाठ झालं. बाहेर रोवन्याच्या बाया गात जाये, मले ओळखू येये का कोनाचा आवाज आहे, अन् कोनाचा नाही. माहा नोता. अन् पोरगी. ते खाटेपाशी येऊन दोन्ही हात वर करून उभी राहे. "मले घे." मी म्हनो, "पोटात बाळ आहे ना बाई, मले उचलता येत नाही." ते इचार करे अन् म्हने, "मंग बाळाले जराकसं खाली ठेव, मले घे, मंग मले खाली ठेव अन् बाळाले घे." मले हासू येये अन् पोट हालन म्हनून हासता बी नाही येये. पुढं पुढं तिनं मांगनं सोडलं. आजीच्याच मांगं फिराले लागली. हे पाहून मले जे वाटलं ते सांगतो तुले. मले वाटलं, पाह्य, किती लवकर शिकली ते माह्याबिगर राहाले.

आशाताई तपासाले येये. तिनं पाहिलं का मी वर पाहतच राहतो, बोलली का रडतो. ते म्हनली, "हाताले काही काम घे. मोबाईलवर पाहून लोकरीचं शिक, क्रोशाचं. पडल्या पडल्या होते." पोरीचा बाप तुमसरले गेला तवा सुई अन् लोकर घेऊन आला. पिशवी उघडली त अंदर हिरवीगार पोपटी लोकर.

"हा कोन्ता रंग आनला जी?"

"दुकानदार म्हनला, आजकाल हेच चालते."

"कोनाले चालते? पोपटाले?"

"मंग वापस करून आनू का?"

"राहू द्या. तुमी दुसऱ्या बारीले याच्यापेक्षा भारी रंग आनसान."

सासू आतूनच म्हनली, "त्याले लग्नात बी मी साडी पसंत करू नोती देली." त्या दिवशी घरात लय दिवसानं हासनं झालं.

मोबाईलवरची बाई हिंदीत सांगे अन् लय घाई करे. तिचे हात मासोळीवानी चाले अन् माहे लाकडावानी. साखळी घालता आली त खांबाचा टाका नाही जमे, खांब जमला त ओळ वाकडी. पहिलं जे झालं ते चौकोनी होनार होतं, झालं तिकोनी. पोरीच्या बापानं त्याच्यानं चहाचा गंज चुलीवरून उतरवला अन् म्हनला, "चांगलं झालं ना, हात नाही पोळला." पन मंग हात बसत गेला. एका अंगावर निजून, कोपर उशीवर टेकवून, सुई आत, धागा वर, खेच. तेवढा वेळ भेव मांगं राहे. जाये नाही, पन मांगं राहे. अन् मले तुहे हात दिसाले लागले.

माय, तुहं तोंड मले आठवत नाही. खरंच नाही. तुहा एकही फोटो नाही. पन तुही मांडी आठवते. आपल्या गावी, अड्याळच्या पल्याड, जंगलातल्या येनाच्या झाडावरून रेशमाचे कोसे येत. तू ते राखेच्या पान्यात शिजवे, घरभर वास सुटे, मेलेल्या किड्याचा अन् राखेचा, मले त्या वासानं मळमळे. मंग तू दारात ऊन पाहून बसे, लुगडं वर खोसे, गंजातले ओले कोसे डाव्या हातात घेये, त्याचे बारीक बारीक तार काढे अन् उजव्या हातानं मांडीवर घासून घासून त्याचा एक धागा करे. एक तार त दिसतही नोता. तुही मांडी तथी गुळगुळीत होती, चकाकत होती, एक केस नोता तिच्यावर. पावसाळ्यात कातडं सोलून निंघे, मंग तू गोडं तेल लावून दुसऱ्या मांडीवर कातत बसे. गल्लीतून कोनी मानूस आला का लुगडं खाली, गेला का वर. मी तुह्या बाजूले बसून पाहत बसो का आता मानूस येईन, आता तू लुगडं ओढशीन. मले तो खेळ वाटे.

एकदा मी तुह्या गुंडाळलेल्या धाग्यात हात घातला अन् सारा गुतवून टाकला. तू माह्या पाठीत धपाटा देला अन् म्हनली, "तुटला असता त जोडला असता. आता हे गुतन कोन सोडवन, तुहा बाप?" बाबा तथीच तंबाखू मळत होते, ते म्हनले, "मी नाही बा." तू हासली. मंग मले मांडीवर घेतलं, त्याच गुळगुळीत मांडीवर, अन् अख्खी दुपार ते गुतन सोडवत बसली. मले झोप लागली. उठली त तू तथीच होती अन् माह्या मनगटाले कोशाच्या तुकड्याचा धागा बांधला होता. तो पिवळट धागा मले राखीपेक्षा भारी वाटला. आंघोळीत कधी गळून पडला समजलं नाही.

अन् तो दिवस. तुले दिवस भरले होते. तुह्या पोटात दुखाले लागलं तवा बी तू कोसे घेऊनच बसली होती. बाबानं जीप आनली. तू उठली, हात लुगड्याले पुसले, जीपमंदी चढता चढता वळून मले म्हनली, "गंजावर झाकन ठेव वो, मांजर तोंड घालन." बस. तेवढंच. मी झाकन ठेवलं, वरून पाट्याचा वरवंटा ठेवला, अन् मांजर येऊ नाही म्हनून तथीच बसून राहिली. तुले आनलं तवा मले आंगनातून मामीच्या घरी नेलं. लेकरूही गेलं होतं, ते पोरगा होता का पोरगी हे मले आजपर्यंत कोनी सांगितलं नाही. गंज तसाच राहिला. कोसे सडले, त्याचा वास गल्लीत आला तवा तथल्या एका काकूनं तो उकिरड्यावर उपडा केला. तुहे लुगडे, पोलके, सारे तेरवीनंतर देऊन टाकले, तशीच रीत आहे. मामीनं मले वाढवलं. मामीनं उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, मी तिले दोष देत नाही. पन तिच्या पोराचे शर्ट घालून मी मोठी झाली. लय दिवस मले एकच खटके, का तुह्या हातचं, माह्या मापाचं, एक फडकं बी माह्यापाशी नाही. दुसऱ्या पोरीईच्या माया जित्या होत्या म्हनून मले काही नाही वाटे. वर्गातल्या एका पोरीची माय मेली होती अन् तिच्यापाशी तिच्या मायनं शिवलेलं दप्तर होतं. तिचा मले जळफळाट होये. हे कोनाले सांगू?

आता तुले समजलं असन का मी काय कराले घेतलं. सगळ्याईले सांगितलं का वेळ जाते म्हनून करतो. पन जसा हात बसला तसा मी फराक इनाले घेतला. पोपटी. गळ्यापासून सुरवात, मंग छाती, मंग घेर. माही पोरगी आता अंगनवाडीत जाते, हा फराक तिले शाळेत दुसरीत गेल्यावर आला असता. मी अंदाजानं घातला. बाजूच्या काकूची पोरगी तेवढी आहे, तिले म्हनलं, "ये वो, जरा पाठ करून उभी राह्य." ते उभी राहिली, मी वितीनं मोजलं. तिनं इचारलं, "माह्यासाठी आहे का काकू?" मी म्हनलं, "नाही बाई, नुसतं पाहून राहिली." मले वाटे का हा झाला का याच्यापेक्षा मोठा घालीन, मंग त्याच्यापेक्षा मोठा, ते न्हातीधुती होयेपर्यंत पुरन असे. इकडं रोवना आटपला, तिकडं माहा घेर वाढत गेला. फराकाचा बी अन् माहा बी.

आमच्या घरी पोटातल्या लेकरासाठी काहीच करत नाही. तुह्या गावी बी नसनच करत. अंगडं नाही, टोपडं नाही, पाळना त दूरच. लेकरू जमिनीवर आलं, रडलं, का मंग आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळाचं. आंधी केलं का नजर लागते म्हनते. माह्या हातात सुई पाहूनच सासूले बरं नोतं वाटलं. "गाठी कायले मारतं वो पोटुशीनं? नाळेले पीळ पडते," असं ते म्हनली होती. पोरीचा बाप म्हनला, "आई, डॉक्टरीनबाईनं सांगितलं तिले खुश ठेवाले." मंग ते आपल्या कामाले लागली. पन तिची नजर त्या पोपटी लोकरीवर राहे.

एका दुपारी माहा डोळा लागला. जाग आली त सर सर सर असा आवाज. सासू खाटेपाशी खाली बसून, फराक मांडीवर घेऊन, शेवटचा धागा ओढत होती. क्रोशाचं असंच असते, एक टोक सापडलं का सारं उसवत जाते. घेर गेला होता, छातीपर्यंत आलं होतं, अन् ते धागा गोळ्यावर गुंडाळत होती, हळूहळू, नीट, एक पीळ वाकडा जाऊ न देता. मले उठता येत नोतं. मी नुसता हात लांब केला.

"आत्याबाई, काय करून राह्यल्या जी?"

"तुह्या भल्याचंच करून राह्यली. पोटातल्याचं अंगडं कोनी आंधी घालते का? मी घातलं होतं. माह्या पहिल्या वेळी कुंची शिवली होती, लाल, टिकल्या लावून. कुंची राहिली, घालनारा नाही राहिला. तुले माहीत आहे का हे? नाही. तुह्या नवऱ्याले बी माहीत नाही."

"हे पोटातल्याचं नाही जी."

"मंग कोनाचं?"

"मोठीचं."

तिनं जे उरलं होतं ते हातावर पसरून पाहिलं. गळा पाहिला, खांदा पाहिला. आंगनात पोरगी कोंबडीच्या मांगं पळून राहिली होती, तिच्याकडं पाहिलं. "यवढं? तिचे दोन खांदे मावते यात."

"वाढन ना ते."

"वाढन तवा घालजो. आत्ता कायले?"

मी आंगनातल्या पोरीकडं तोंड केलं. ते माह्याकडं पाहत राहिली अन् हळूहळू तिच्या तोंडावरचा रंग गेला. तिले समजलं. तुही गोष्ट तिले माहीत होती ना, सोयरिकीच्या वेळीच मामीनं सांगितली होती. ते उठली. मले वाटलं आता जवळ बसन, डोक्यावर हात ठेवन. तिनं लोकरीचा गोळा अन् उरलेला फराक पदरात घेतलं अन् असा आवाज चढवला का बाजूची काकू भितीवरून डोकवाले लागली.

"आमी जल्माची तयारी करत नाही अन् तू मरनाची करतं? माह्या घरात? माह्या खाटेवर? इटा मी कायले लावल्या वो तुह्या पायाखाली? रोज रांधून कायले घालतो? तुले मराचंच आहे त तसं सांग, मी बी रोवना पाहिला असता, घरी कायले बसली असती!"

अन् ते अंदर गेली. भांडे आदळाचा आवाज आला, मंग आवाज बंद झाला. मी ऐकत पडली. पोरगी येऊन म्हनली, "आजी चुलीपाशी रडून राहिली, धूर नाही तरी."

त्याच्यानंतर आमी बोललो नाही. ते ताट आनून ठेवे, मी जेवो, ते ताट नेये. लोकर कुठं ठेवली मी इचारलं नाही. हात रिकामे झाले अन् भेव पुन्हा पुढं आलं, पहिल्यापेक्षा जवळ. मी कवेलू पाहत पडो अन् मनात एकच चाले, का आता जीप येईन, मी चढता चढता पोरीले काय म्हनीन? कोन्तं बोलनं तिले उमरभर पुरन? काही सुचेच नाही. माय, तुले त सुचवाचं कामच नोतं. तुले माहीतच नोतं का हे शेवटचं आहे. तुले वापस येऊन कोसे कातायचे होते, म्हनून तू मांजराचं सांगितलं. हे मले आत्ता, तथी पडल्या पडल्या समजलं. लहानपनापासून वाटे का मायनं माह्यासाठी काही ठेवलं नाही. तू ठेवनार कशी, तू त येनार होती.

मंग दुसऱ्यांदा रगत गेलं. सकाळी, सडा टाकनं चालू होतं. या बारीले थांबतच नोतं. पोरीचा बाप जीप आनाले पळाला. सासूनं मले उचललं, माय, त्या म्हाताऱ्या बाईनं मले एकटीनं खाटेवरून उचललं अन् जीपमंदी निजवलं, माहे पाय आपल्या मांडीवर उंच धरले, भंडाऱ्यापर्यंत खाली टेकू देले नाही. पोरगी आंगनात उभी होती. मी तिले काहीच म्हनली नाही. तोंड उघडलं पन दात वाजत होते. जीप वळली तवा ते हात वर करून उभी होती, टाटा करत होती का मले घे म्हनत होती, मले समजलं नाही.

इथं रगत चढवलं, थांबलं. डॉक्टरीनबाई म्हनली, "आता घरी पाठवत नाही. दिवस जवळ आले की इथंच सिझर करू. रक्त तयार ठेवलंय. घाबरू नका." घाबरू नका म्हनताना ते कागद पाहत होती. माह्या बाजूच्या खाटेवरच्या बाईले पोरगा झाला, सुट्टी झाली, दुसरी आली, तिले बी सुट्टी झाली. मी तथीच. पोरीले दवाखान्यात आनू देत नाही. मोबाईलवर तिचं तोंड दिसते, ते मोबाईल नाकाले लावते, मले नुसतं नाकाचं भोक दिसते.

एक दिवस सासू डबा घेऊन आली. पिशवीतून डबा काढला, कांदा काढला, अन् त्याच्या खालून पोपटी लोकर काढली. साराच गोळा झाला होता, एकही टाका बाकी नाही ठेवला. सोबत सुई. अन् एक सुतळी.

"घे. हात रिकामे असले का तू डोकं खातं. आपलं बी अन् माहं बी."

"हे सुतळी कशाची जी?"

"पोरीले उभी करून माप आनलं. हे गाठ खांद्याची, हे छातीची, हे गुडघ्याची. उभी राहत नोती भवानी, गुदगुल्या होते म्हने. तिच्या आत्ताच्या मापाचं कर. याच साली तिनं घातलं पायजे. माह्या डोळ्यासमोर."

"गाठी चालते का जी?" मी म्हनलं.

"सुतळीच्या चालते," ते म्हनली अन् डब्याचं झाकन उघडाले लागली. झाकन निंघत नोतं. मी काढून देलं.

मंग मी घातला, माय. त्या सुतळीवर ठेवून ठेवून. गळा, खांदा, छाती, सारं तिच्या आत्ताच्या मापाचं. नर्सबाई येता जाता पाहे, म्हने, "आता थांबवा, सुई लावायची आहे," अन् दुसऱ्या हातात सलाईन असली का मी एका हातानं धागा नुसता पकडून पडो. काल तो पुरा झाला. सासूनं खाटेवर पसरवला, माह्याजवळची सुतळी घेऊन वरून लावली. खांदा बरोबर. छाती बरोबर. घेर गुडघ्याच्या गाठीच्या लय खाली गेला, पोरीच्या घोट्यापर्यंत येईन एवढा.

"लंबा झाला," ते म्हनली.

"हात ढिला पडला जी. निजून घालतो ना, अंदाज येत नाही."

तिनं फराक उचलला, दिव्याकडं धरला, खालचे टाके बोटानं चाचपून पाहिले. मले वाटलं पुन्हा उसवन. तिनं घडी केली, डब्याच्या वरून पिशवीत ठेवली, डबा ओला आहे म्हनून पुन्हा काढली, आपल्या ओच्यात खोसली. म्हनली, "लंबा त लंबा. औंदा वरून दुमडून घालू, पुढच्या साली दुमड काढू, अन् ते तू काढजो. मले बारीक दिसत नाही."

उद्या सिझर आहे. मले अंदर नेतीन तवा हे कागद उशीखाली ठेवाचे का फाडाचे, हे अजून ठरलं नाही. पाठवाचे कोठी, हे त तुलेच माहीत. तुह्यावर माहा राग नाही आता, असं लिवनार होती, पन थोडा आहे. लय भेव वाटून राहिलं, माय.

अन् माहा हात ढिला नोता पडला. सासूले खोटं सांगितलं. मी टाके मोजून वाढवले.